लेकीचा एसीएल तुटलाय: ऑपरेशन, फिजिओ आणि निवड चाचणी (अनुभव हवेत)

टीपकागद | ११ ऑगस्ट, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर सापडते, आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितेय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

लेक सतरा वर्षांची, अकरावीत. सांगली जिल्ह्यातलं गाव, म्हणजे कबड्डी आलीच. सहावीपासून खेळते, चढाई करते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सरावात बोनस घेऊन परतताना तिनं डावा पाय मॅटवर रोवला, अंग फिरलं आणि पाय मात्र तिथंच राहिला. कुणी धरलेलं नव्हतं, कोपऱ्यावरची मुलगी दोन हात लांब होती. आतून 'टक्' आवाज आला म्हणाली. दोन तासांत गुडघा टम्म.

मुरगळलाय, आठ दिवसांत बरं होईल, असं मैदानावर सगळ्यांचं मत पडलं. आम्ही गावातल्या हाडवैद्याकडे नेलं (शिव्या घालायच्या असतील त्यांनी रांगेत या, पहिला नंबर माझा आहे). त्यानं तेल लावून चोळलं, ओढलं, पट्टा बांधला. तीन आठवड्यांत सूज ओसरली, ती नीट चालू लागली, आम्ही निर्धास्त. सरावाला गेली आणि तिसऱ्याच दिवशी साधं मागे वळताना गुडघा निसटला. मग हाडांचे डॉक्टर, मग एमआरआय. एसीएल (गुडघ्यातला अस्थिबंध, लिगामेंट) पूर्ण तुटलेला, शिवाय आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, थोडी फाटलेली.

डॉक्टर ऑपरेशन सांगतात. दीर म्हणतात, पोरीच्या गुडघ्याला चिरा कशाला, उद्या लग्नाला अडचण. लेक एकच विचारते, जानेवारीतल्या निवड चाचणीला मी असेन ना?

कुणाच्या घरात हे झालंय का? ऑपरेशन न करता कुणी पुन्हा खेळलंय? आणि 'वर्ष लागेल' म्हणतात ते खरंच वर्ष असतं, की सांगायची पद्धत?

कांदेपोहे | ११ ऑगस्ट, रात्री ११:०५

अरेरे. काळजी घ्या ताई. माहितगार लोक येतीलच, मी वाचनखूण साठवून ठेवते. दिरांना सांगा, नवऱ्या मुलाला गुडघ्यावरचे दोन टाके खुपत असतील तर असला नवरा परस्पर गळला म्हणून पेढे वाटा.

जुनीमाती | १२ ऑगस्ट, सकाळी ६:२०

ताई, माझा गुडघा १९८४ साली गेला. लालबाग-परळच्या मैदानांतली कबड्डी, खाली माती. मागून मांडीची पकड बसली आणि पाय आत वळला. एमआरआय वगैरे शब्दसुद्धा ऐकलेला नव्हता. आईनं मिठाच्या पुरचुंडीनं शेकलं, मंडळाच्या पोरांनी क्रेप बँडेज आणून दिलं. त्या बँडेजवर मी आणखी दोन हंगाम खेळलो. शूर होतो म्हणून नव्हे, कुणी थांबवलं नाही म्हणून. महिन्यातून एकदा गुडघा दगा द्यायचा, मी पडायचो, उठायचो, पुन्हा 'कबड्डी कबड्डी'.

आज त्रेसष्टावा चालू आहे. जिना उतरताना आडवा उतरतो, रेल्वेचा पूल दिसला की पोटात गोळा येतो. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, काका, तुमच्या गादीचा इथे मागमूस नाही. तेव्हा ऑपरेशन न करता खेळणारा हवा होता ना, तो मी. माझ्या वाटेनं तिला पाठवू नका.

जाता जाता: मातीत पाय थोडा घसरायचा. मॅटवर बूट चिकटतो. हा माझा मैदानावरचा अंदाज, शास्त्र डॉक्टरांनी सांगावं.

अस्थिपंजर | १२ ऑगस्ट, दुपारी ३:४८

मी हाडांचाच, सरकारी रुग्णालयात. ओपीडी संपवून लिहितोय. एमआरआय मी पाहिलेला नाही, त्यामुळे हा सल्ला नव्हे, पार्श्वभूमी समजा.

एसीएल म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांना सांध्याच्या आतून तिरकं बांधणारा, जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा दोर. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघा पिळवटू नये ही त्याची कामं. सरळ चालताना त्याच्यावाचून फारसं अडत नाही. अडतं ते वळताना. म्हणूनच लेक 'नीट चालू लागली' आणि तुम्ही फसलात. सगळेच फसतात. टक् आवाज, काही तासांत भरलेली सूज (ते रक्त असतं) आणि नंतर कधीतरी निसटणं, या तीन गोष्टी एकत्र ऐकल्या की मी एमआरआयच्या आधीच कागदावर एसीएल लिहून प्रश्नचिन्ह टाकतो.

कुणी धरलेलं नव्हतं याचंही नवल नको. बहुतेक एसीएल असेच, धक्क्याशिवाय तुटतात. हँडबॉल आणि बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींच्या दुखापतींची चित्रीकरणं चौकट-चौकट थांबवून तपासली, तेव्हा पाय जमिनीला टेकल्यापासून साधारण ४० मिलिसेकंदांत घात झालेला दिसला. एवढ्या वेळात मेंदूचा निरोप मांडीच्या स्नायूपर्यंत पोचतसुद्धा नाही. 'लक्ष कुठं होतं तुझं' असं तिला कुणी म्हणालं असेल तर त्यांना हे वाचायला द्या.

मग एसीएल आपोआप का जुळत नाही? गुडघ्याच्या कडेचा, दुसऱ्या गुडघ्याकडच्या बाजूचा अस्थिबंध (एमसीएल) बऱ्याचदा नुसत्या ब्रेसवर जुळतो, कारण तो सांध्याच्या बाहेर आहे, तिथं रक्त साकळतं आणि त्या गुठळीच्या आधारानं नवी ऊती धरते. एसीएल सांध्याच्या पाण्यात बुडालेला. तिथं गुठळी टिकत नाही, टोकं नुसती लोंबत राहतात. टाके घालून जोडायचा प्रयत्न फार जुना आहे. १८९५ मध्ये इंग्लंडात लीड्सला मेयो रॉबसन या सर्जननं एका खाणकामगाराचे दोन्ही क्रूशिएट (एसीएल त्यातलाच एक) असे शिवले होते. पण १९७६ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतल्या तरुणांच्या शिवलेल्या गुडघ्यांचा पाच वर्षांनंतरचा हिशेब छापून आला, आणि बहुतेकांचं शिवणकाम उसवलेलं निघालं. त्यानंतर नुसतं शिवणं मागे पडलं आणि शरीरातलाच दुसरा दोर काढून तिथं बसवायचा, हा रस्ता रूढ झाला. अलीकडे बोस्टनच्या डॉ. मार्था मरे यांनी रुग्णाच्याच रक्तात भिजवलेला कोलॅजनचा स्पंज टोकांमध्ये ठेवायची पद्धत काढली, अमेरिकेत तिला डिसेंबर २०२० मध्ये मंजुरी मिळाली. म्हणजे शिवणं पुन्हा आलं, या वेळी गुठळीसकट.

हाडवैद्याला फार शिव्या नकोत. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर आम्हीही घाईनं सहसा हात घालत नाही. सूज उतरू देतो, पाय पूर्ण सरळ व्हायला लागला की मग टेबलावर घेतो. खरं नुकसान तो दुसऱ्यांदा निसटला तेव्हा झालं असण्याची शक्यता आहे. प्रत्येक निसटण्यात गादी दळली जाते. जुनीमाती काकांच्या एक्स-रेची गोष्ट हीच.

शंकासुर | १२ ऑगस्ट, रात्री ९:१५

डॉक, सगळं मान्य. पण स्वीडनमधल्या एका अभ्यासात ऑपरेशन केलेले आणि न केलेले सारखेच निघाले होते ना? मग आपल्याकडे एमआरआयचा कागद दिसला की थेट तारीख का देतात? धंदा म्हणावं का याला?

दुसरं, वर्ष वगैरे खेळाडूंना सांगू नका. रवींद्र जडेजाचं गुडघ्याचं ऑपरेशन सप्टेंबर २०२२ ला झालं. जानेवारीत रणजी खेळला, फेब्रुवारीत नागपुरात ऑस्ट्रेलियाचे पहिल्या डावात पाच बळी घेतले आणि वर सत्तर धावा. पाच महिने!

उत्तररात्र | १३ ऑगस्ट, पहाटे २:३० (इथे अजून रात्रच आहे)

गोटेबर्गहून लिहितेय, स्वीडनचं नाव निघालं म्हणून.

चार वर्षांपूर्वी स्की करताना माझा एसीएल तुटला. इथल्या डॉक्टरांनी ऑपरेशनचं नावही काढलं नाही, सरळ फिजिओकडे धाडलं. तीन महिने घाम गाळ, मग बोलू, असं. आज मी पळते, सायकल मारते, डोंगर चढते, आणि तो दोर अजून तुटलेलाच आहे. शंकासुर म्हणतात तो अभ्यास २०१० चा. १२१ तरुण, चपळ माणसं. निम्म्यांना लवकर ऑपरेशन, निम्म्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तर नंतर ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सारखेच. पण त्यातली खाचही सांगते. व्यायामवाल्या ५९ जणांपैकी २३ जणांनी दोन वर्षांत ऑपरेशन करून घेतलं, पाच वर्षांत ३० जणांनी. म्हणजे निम्म्यांना लागलंच. आणि निम्म्यांना नाही लागलं, हेही तितकंच खरं.

फक्त एक. मी एकोणचाळीस वर्षांची आहे आणि कबड्डी खेळत नाही.

अस्थिपंजर | १३ ऑगस्ट, सकाळी ८:०५

उत्तररात्र यांनी शेवटच्या ओळीत माझं काम केलं.

शंकासुर, तारखा देण्याची घाई होते, नाकारत नाही. पण स्वीडनच्या अभ्यासात ताजी दुखापत होती. ब्रिटनमध्ये ३१६ जणांचा दुसरा अभ्यास झाला, २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात दुखापत जुनी होती आणि गुडघा निसटण्याची तक्रार कायम होती. तिथं ऑपरेशनवाले दीड वर्षानं स्पष्टपणे बरे निघाले. दोन्ही अभ्यास खरे आहेत, माणसं वेगळी आहेत. टीपकागद यांच्या लेकीचा गुडघा एकदा निसटलाय, गादी फाटलीय, वय सतरा, आणि खेळ असा की दर तीस सेकंदांना पाय रोवून उलटं फिरायचं. माझी बहीण असती तर मी ऑपरेशनला हो म्हटलं असतं. चालायचं, पळायचं, नोकरी करायची एवढंच असतं तर आधी तीन महिने फिजिओ म्हटलं असतं.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. एक, ग्राफ्ट (बसवायचा तो दुसरा दोर) कुठून घेणार? आपल्याकडे बहुतेकदा मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंग घेतात. चालतो छान, पण चढाईवाल्याला परत पळताना त्याचीच गरज पडते, तो भरून यायला वेळ द्यावा लागतो. वाटीखालचा पट्टा हाडाच्या तुकड्यांसकट घेतला तर पक्का बसतो, पण गुडघे टेकताना समोरून दुखतं, आणि कोपऱ्यावर खेळणाऱ्याला ते जड जातं. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा दोर घेण्याची पद्धतही आपल्याकडे बरीच चालते. दुसरा प्रश्न, वय कमी आणि ग्राफ्ट हॅमस्ट्रिंगचा, तर बाहेरच्या बाजूनं जादा आधाराची पट्टी घालणार का? २५ वर्षांपर्यंतच्या ६१८ रुग्णांवर हे करून पाहिलं होतं. नुसत्या हॅमस्ट्रिंगमध्ये ११ टक्के ग्राफ्ट दोन वर्षांत पुन्हा तुटले, पट्टी घातलेल्यांत ४ टक्के. उत्तर काहीही देवोत. डॉक्टर हा प्रश्न ऐकून चिडले तर मात्र दुसरीकडेही दाखवा.

जडेजाबद्दल इथल्या फिजिओ 'पावलोपावली' लिहितील, त्यांना मी खरड (निरोप) केलीय.

पावलोपावली | १३ ऑगस्ट, रात्री १०:५०

आले. मी फिजिओथेरपिस्ट, पुण्यात, चौदा वर्षं. निम्मे पेशंट खेळाडू.

आधी जडेजा. त्याच्या गुडघ्यात नेमकं काय केलं याचे कागद ना माझ्याकडे आहेत ना तुमच्याकडे. तो तेव्हा चौतीस वर्षांचा, बंगळुरूच्या अकादमीत राहून दिवसभर हेच काम करणारा, आणि चार पावलं टाकून चेंडू टाकणारा गोलंदाज. त्याच क्रिकेटमधला ऋषभ पंत पाहा. डिसेंबर २०२२ च्या अपघातानंतर मुंबईत गुडघ्याच्या अस्थिबंधांचं ऑपरेशन झालं, मैदानात आला तो मार्च २०२४ मध्ये. विनेश फोगाटचं ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत झालं, एशियाड सोडावं लागलं, पुढच्या ऑगस्टला पॅरिसमध्ये एकाच दिवसात तीन कुस्त्या मारल्या (पुढचं ते शंभर ग्रॅमचं रडगाणं इथं नको). आपल्या आष्टीचा धावपटू अविनाश साबळे गेल्याच महिन्यात, जुलै २०२५ मध्ये, मोनॅकोला शर्यतीत पडला, एसीएल आणि मेनिस्कस दोन्ही, टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. तो परत कधी येईल हे मी आज सांगणार नाही, आणि त्याचा फिजिओही सांगणार नाही. तारखेवरून ठरतच नाही ते.

आता ताई, तुमच्या लेकीचं. मी हे पेशंटच्या आयांना कागदावर लिहून देते, तेच इथं देते.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून घरातला प्रत्येक जण तिच्या गुडघ्याखाली उशी सरकवायला येईल. आजी तर नक्कीच. बरं वाटतं त्यानं, आणि तिथंच घोळ होतो. गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडतो आणि पाय पूर्ण सरळ होणं राहून जातं. उशी टाचेखाली. गुडघा हवेत, खाली काही नाही, आपल्या वजनानं सरळ होऊ दे. वाकवणं मागाहून येतं, सरळ होणं पहिल्या दोन आठवड्यांत आलं नाही तर पुढे माझ्यासारखीला रडवतं.

त्याच दिवसांत मांडीचा पुढचा स्नायू झोपी जातो. अक्षरशः. ती म्हणेल, आई, मी आवळतेय पण हलत नाहीये. आळस नव्हे तो, सुजलेला सांधा मज्जारज्जूकडून त्या स्नायूची वीजच तोडतो. म्हणून सूज आधी घालवायची. दोन महिन्यांत ती मांडी एवढी बारीक होईल की तुम्हाला भरून येईल. तिच्यासमोर टेप लावून मोजत बसू नका.

आणि आता सगळ्यात फसवा काळ. दीड ते तीन महिने. दुखणं गेलेलं, चाल सरळ, कुबड्या माळ्यावर. ती म्हणणार, मी बरी झाले. नेमक्या याच वेळी आतला ग्राफ्ट नाजूक असतो. उपटून आणलेलं रोप नव्या मातीत लावल्यावर आधी मलूल होतं ना, तसं. आणलेल्या दोराचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, जुन्या पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात, मग हळूहळू तो अस्थिबंधासारखा घडतो. हे महिनोन्महिने चालतं, बाहेरून काहीच दिसत नाही.

पळणं साधारण तीन-चार महिन्यांनी, तेही मांडीत ताकद आली असेल आणि पळून आल्यावर सूज येत नसेल तर. वळणं त्याच्यानंतर. अंगाला अंग लागणारा सराव आणखी नंतर.

आकडे हवेत म्हणून देते. अमेरिकेतलं डेलावेअर आणि नॉर्वेतलं ऑस्लो मिळून १०६ जणांचा अभ्यास झाला, २०१६ मध्ये आला. नऊ महिन्यांपर्यंत खेळणं जितके महिने पुढे ढकललं, तितकी दर महिन्याला पुन्हा दुखापतीची शक्यता ५१ टक्क्यांनी घटली. आणि ज्यांनी ताकदीच्या, उडीच्या चाचण्या पार न करता खेळ सुरू केला त्यांच्यातल्या ३८ टक्क्यांना पुन्हा दुखापत झाली, पार करून गेलेल्यांत साडेपाच टक्क्यांच्या आसपास. पंचविशीच्या आतले खेळाडू खेळात परतल्यावर साधारण चारातल्या एकाचा हा नाहीतर तो एसीएल पुन्हा जातो. हो, 'तो' म्हणजे चांगला पाय. ऑपरेशन न झालेला.

तेव्हा जानेवारीचं उत्तर नाही असं आहे. तिला आजच सांगा. डिसेंबरमध्ये सांगाल तर जास्त लागेल.

टीपकागद | १८ ऑगस्ट, दुपारी १:१०

सगळ्यांचे आभार कसे मानू. पावलोपावलीताई, तुमचा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावलाय. तिला सांगितलं. दोन दिवस बोलली नाही, काल रात्री आपणहून विचारलं, 'नऊ महिने म्हणजे मे का?'

दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घेतलं, तेही ऑपरेशनच म्हणाले. २८ तारीख ठरली. हॅमस्ट्रिंग आणि बाहेरून पट्टी. पट्टीचा प्रश्न मी विचारला तेव्हा डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, कुठं वाचलंत? मी म्हटलं, पाककृतींच्या संस्थळावर.

कांदेपोहे | १८ ऑगस्ट, दुपारी १:३२

हाहाहा! ऑपरेशनला शुभेच्छा.

टीपकागद | ३० नोव्हेंबर, रात्री ९:३०

धागा वर काढतेय. तीन महिने झाले.

ताई, तुम्ही सांगितलेलं तसंच्या तसं घडतंय. सासूबाईंनी तिसऱ्याच दिवशी गुडघ्याखाली उशी दिली होती. मांडी खरंच बारीक झाली. आता जिना चढते-उतरते, सायकल चालवते, आणि रोज सकाळी विचारते, पळू का.

अडचण वेगळीच आहे. संघाकडून फोन येताहेत. जानेवारीच्या चाचणीला नुसतं नाव लावा, पाच मिनिटं दोन चढाया करायच्या, निवड समितीला तिचा खेळ माहीतच आहे, ब्रेस लावून उतरू दे, असं. वर 'एक वर्ष गेलं तर वयोगट जाईल'. हे शेवटचं खोटं नाही, म्हणून त्रास होतोय. तिचे बाबा डळमळलेत. मी एकटी वाईट झालेय घरात.

शंकासुर | ३० नोव्हेंबर, रात्री ९:५५

मीच जडेजाचं उदाहरण दिलं होतं, मीच परत घेतो. पाठवू नका.

जुनीमाती | १ डिसेंबर, सकाळी ५:५०

पाच मिनिटं आणि दोन चढाया! ताई, चाळीस वर्षांपूर्वी मला हेच शब्द ऐकवले होते. 'दोनच चढाया मार, फायनल आहे.' ती फायनल जिंकलो, ढाल अजून मंडळात आहे, गुडघा माझ्याकडे आहे.

तिच्या बाबांना माझा नंबर द्या म्हणालात तर खरडीतून देतो. बाप माणसाला कधी कधी दुसऱ्या म्हाताऱ्याचंच पटतं.

पावलोपावली | १ डिसेंबर, सकाळी ११:२०

ब्रेसचा गैरसमज आधी मोडू. बाजारातला पट्टा गुडघ्याला ऊब देतो, धीर देतो. पाय रोवून अंग फिरवताना जो पीळ पडतो, तो तो अडवू शकत नाही. ४० मिलिसेकंदांचं अस्थिपंजर यांनी लिहिलंय ते पुन्हा वाचा.

मुलींबद्दल थोडं, कारण परवाच एका पालकसभेत 'मुलींचे गुडघे मुळातच कच्चे' हे वाक्य ऐकून आले. काही खेळांत मुलींचे एसीएल मुलांपेक्षा दुपटीपासून आठपटीपर्यंत जास्त तुटतात, हे खरं. हाडांची ठेवण, हार्मोन यांवर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे. पण मला रोज दिसतं ते वेगळं. त्याच क्लबातल्या मुलाला पंधराव्या वर्षी वजनं कशी उचलायची ते शिकवलेलं असतं. मुलीला जिममध्ये कुणी नेलेलंच नसतं, गेली तरी संध्याकाळी सातच्या आत घरात. उडी मारून उतरताना गुडघे आत पडू द्यायचे नाहीत, हे तिला कुणी एकदासुद्धा सांगितलेलं नसतं. हाडांचं मी काही करू शकत नाही, याचं करू शकते.

उत्तररात्र | १ डिसेंबर, सायंकाळी ७:४५

पावलोपावली +१००.

इथे मुलींच्या फुटबॉलला नेमका हाच धडा लावलाय. साधारण पंधरा मिनिटांचा वॉर्मअप, आठवड्यातून दोनदा: एका पायावर बैठक, पाठीवर झोपून कंबर उचलणं, उडी आणि उतरणं. नाव 'गुडघ्यावर ताबा' अशा अर्थाचं. बारा ते सतरा वयाच्या ४,५६४ मुलींवर तपासला, २०१२ मध्ये निकाल आला, एसीएल दुखापती ६४ टक्क्यांनी कमी. ना यंत्र, ना पैसा. माझी मुलगी हँडबॉल खेळते, तिची प्रशिक्षक ते केल्याशिवाय चेंडूला हात लावू देत नाही. मुली कंटाळतात, तोंडं वाकडी करतात आणि करतात.

टीपकागद, हे बाकीच्या मुलींना आत्तापासून शिकवता येईल. तुमची लेक मैदानावर बसून हेच करून घेऊ शकते.

टीपकागद | १९ जानेवारी, रात्री ८:१५

चाचणी काल झाली. लेक गेली होती, गुणलेखकाच्या टेबलावर बसली. तिच्या जागी खेळलेली मुलगी निवडली गेली. परत येताना गाडीत गप्प होती. घरी येऊन त्या मुलीला फोन केला आणि अर्धा तास तिच्या चढाईतल्या चुका सांगितल्या.

तिच्या बाबांचं जुनीमाती काकांशी बोलणं झालं होतं. काय बोलले, मला दोघंही सांगत नाहीत.

टीपकागद | ७ जून, दुपारी ४:००

नऊ महिने उलटले. मागच्या आठवड्यात कोल्हापूरला फिजिओकडे चाचण्या झाल्या. ताकद ठीक, डाव्या मांडीची उजव्याच्या ९१ टक्के. एका पायावरची लांब उडी ८८. आडवी-तिडवी तिहेरी उडी ८२. नव्वदच्या खाली म्हणून परवानगी नाही. त्यावर बारा प्रश्नांचा एक कागद भरून घेतला, मनाची तयारी कितपत म्हणून. 'पुन्हा लागेल याची भीती वाटते का' याला तिनं काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.

नऊ महिने वाट पाहिली, आता पुन्हा थांबा. रडली. मीही.

पावलोपावली | ७ जून, रात्री ९:४०

८२ लपवला नाही त्या फिजिओनं, त्यांना माझा नमस्कार सांगा. नऊ महिने ही खालची मर्यादा आहे, मुक्कामाचं स्टेशन नव्हे. आणि ही टक्केवारी उजव्या पायाशी तुलना करून येते. तो उजवा पायही नऊ महिने कमीच खेळलाय, तोही थोडा उतरलाय. म्हणून नव्वद आले तरी मी जरा हात राखूनच शाबासकी देते.

उडीची चाचणी घरी करता येते. अंगणात टेप चिकटवा, एका पायावर तीन उड्या, शेवटी तोल न जाता उभं राहणं. मोबाइलवर समोरून चित्रीकरण करा आणि गुडघा आत पडतो का ते तिलाच पाहू द्या. आकड्यापेक्षा ते चित्रीकरण मुलांना लवकर पटतं.

भीतीचं विचारलंत नाही, तरी सांगते. २०१४ मध्ये ६९ अभ्यासांची गोळाबेरीज झाली होती. ऑपरेशननंतर ८१ टक्के कुठल्या ना कुठल्या खेळात परतले, पण स्पर्धेच्या खेळात फक्त ५५ टक्के. मधल्या त्या लोकांत पुष्कळांचा गुडघा बरा झालेला होता. त्यांचं मन त्या एका वळणापाशी अडून राहिलेलं होतं. तिच्याकडून ते वळण आधी चालत, मग हळू पळत, मग कुणी समोर नसताना, मग ओळखीची मैत्रीण कोपऱ्यावर असताना, असं शंभर वेळा करून घ्या.

अस्थिपंजर | ८ जून, सकाळी ७:३०

सहमत. शिवाय आमच्या बाजूचं एक कटू सत्य, ते कुणी ऑपरेशनच्या आधी सांगत नाही. स्वीडनमध्ये एसीएल तुटलेल्या फुटबॉलपटू मुलींचे गुडघे बारा वर्षांनी तपासले. सरासरी वय ३१, आणि एक्स-रे काढलेल्या निम्म्याहून अधिक गुडघ्यांत सांध्याची झीज. ऑपरेशन झालेल्यांत आणि न झालेल्यांत त्याबाबत फरक नव्हता. म्हणजे आम्ही गुडघा घट्ट करून देतो, वय परत देत नाही. मांडीची ताकद आणि वजन या दोन गोष्टी तिला खेळ सुटल्यावरही सांभाळायच्या आहेत. हे तिला आत्ता सांगू नका, परवानगी मिळाल्यावर सांगा.

टीपकागद | १६ ऑगस्ट, रात्री १०:१०

परवा पुन्हा चाचण्या. ९५, ९३, ९२. कागदावर शिक्का. आज पहिला पूर्ण सराव.

तिसऱ्या चढाईला बोनस घेतला, डावा पाय रोवला आणि फिरली. कोपऱ्यावरच्या पोरीनं घोटा धरला, ती पकड सुटली नाही, लेक बाद. बाहेर येऊन म्हणाली, ही पकड मी कधीच बसू दिली नसती, इतकी हळू झालेय मी. बाबा म्हणाले, होईल. मी काही बोलले नाही, मला ती बाद झाल्याचंच इतकं बरं वाटलं.

सराव सुरू व्हायच्या आधी बारा मुलींनी पंधरा मिनिटं एका पायावर बैठका काढल्या. तोंडं वाकडी करत.

जुनीमाती | १७ ऑगस्ट, सकाळी ६:०५

घोट्याच्या पकडीतून सुटायला पाठीमागे नाही, बाजूला रेटा द्यायचा. पुढच्या महिन्यात सांगलीला येतोय, दाखवतो. मी उभा राहून सांगेन, ती करेल.

हिरवळ | २ सप्टेंबर, रात्री ११:४८

नवीन सदस्य आहे, सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझ्या भाच्याचं ऑपरेशन कालच झालं, फुटबॉल, पणजीत. रात्रभर कण्हतोय, आम्ही काय करावं कळत नाही. कुणी जागं आहे का?

टीपकागद | २ सप्टेंबर, रात्री ११:५६

आहे. गुडघ्याखाली उशी असेल तर आधी ती काढा आणि टाचेखाली द्या. डॉक्टरांनी लिहून दिलेली दुखण्याची गोळी वेळेवर द्या, पाय उंचावर ठेवा, बर्फ फडक्यात गुंडाळून. पोटरी फार दुखत असेल किंवा एकाच बाजूनं सुजली असेल, ताप आला, टाके लाल झाले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयाला फोन करा. ग्राफ्ट कुठून घेतलाय ते कागदावर असेल, बघून इथं लिहा.